मसाल्याच्या पार्सलशेजारचं काडतूस

माझ्या सेवेतल्या बऱ्याच केसेसचे तपशील आता पुसट झालेत. ही एक मात्र लख्ख आठवते, आणि ती माझ्या सेवेतली नाहीच. कुठल्याही स्टेशन डायरीत तिची माझ्या हातची नोंद सापडणार नाही. पोलीस निरीक्षक पदावरून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी अबूधाबीला नवऱ्याकडे राहायला आले, त्यानंतरची ही गोष्ट.

मोहम्मद बिन झायद सिटीत आमचा फ्लॅट आहे. नवरा सकाळी मुसफ्फाला ऑफिसला जातो. गणवेश उतरला तरी ‘मॅडम’ ही हाक इथेही मागे आली. बिल्डिंगमध्ये मराठी घरं बरीच. कोणाचा पासपोर्ट हरवला, कोणाची गाडी ठोकली, की पहिली बेल माझ्या दाराची. इथे माझा अधिकार शून्य आहे, असं मी प्रत्येकाला सांगायची. कोणी ऐकायचं नाही.

नाव कोणाचंच घेणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं होतं. तो इंजिनिअर, रुवैसला एका कारखान्यात सेफ्टी विभागात. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार इकडे. बायको इथल्या शाळेत गणित शिकवायची. त्याच मजल्यावर वसईच्या एक ख्रिस्ती बाई राहत. हॉटेलात फ्रंट ऑफिसला नोकरी, नवरा वारलेला, मुलगी दहावीत. ह्या दोन्ही घरांचा व्हिसा एकेका नोकरीवर टांगलेला. गल्फमध्ये राहिलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

इंजिनिअरने मावळात जमीन घेतली होती. बांधावरून शेजाऱ्याशी वाद झाला, धमक्या आल्या, म्हणून त्याने रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलं. बत्तीस बोअर. आपल्याकडे परवानाधारकांच्या हातात बहुतेक तेच दिसतं. पोलिसांचं नऊ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही. अर्थात पिस्तूल पुण्यात, हा इथे. वर्षाचे अकरा महिने दोघांची ताटातूट.

थंडीच्या दिवसांत आमची मंडळी पार्कात बार्बेक्यूला जमतात. तिथे हा प्लेट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला.

“मॅडम, एक टेक्निकल प्रश्न आहे.”

“विचारा.”

“रोज जवळ बाळगायला बत्तीस पुरतं का? की तीस बोअर घ्यावं? तीसच्या गोळीचा वेग दीडपटीच्या वर आहे. मी सगळा डेटा काढलाय.”

“एक्सेल शीट केलीय ताई,” त्याची बायको पलीकडून म्हणाली. “रकाने, ग्राफ, सगळं. घराच्या लोनसाठी नव्हती केली.”

“लोन अंगावर धावून येत नाही,” तो म्हणाला.

“येतं. दर महिन्याला.”

लोक हसले, पण प्रश्न खोटा नव्हता. मी दोन वर्षं प्रशिक्षण केंद्रात फायरिंगची जबाबदारी सांभाळली आहे, त्यामुळे मीही नीट उत्तर दिलं. बत्तीसचं काडतूस आखूड आणि सरळ. गोळी हलकी, वेग बेताचा. ती लागूनही माणूस चालत आला, अशी प्रकरणं मी हाताळली आहेत. तेव्हा बत्तीस कमी पडतं ही तक्रार अगदीच चूक नाही. तीसचं काडतूस लांब, आणि बाटलीसारखं मानेशी निमुळतं. आत दारू जास्त, म्हणून वेग जास्त. जाड जाकीट, गाडीचा पत्रा यांना ती गोळी जुमानत नाही. पण हाच तिचा दोषही आहे. समोरच्या माणसातून पार झाली तर ती मागे कोणाला तरी लागणार, आणि मागे कोण उभं आहे हे घाबरलेल्या माणसाला दिसत नसतं. शिवाय तीसची पिस्तुलं लांबट आणि जड. चार दिवस कमरेला लावतात, पाचव्या दिवशी कपाटात जातात. काडतुसं सहज मिळत नाहीत, म्हणून सराव होत नाही. आणि सराव नसेल तर वेगाचा उपयोग चुकीच्या जागी लवकर पोहोचण्यापुरताच.

“आजवर किती गोळ्या झाडल्यात?” मी विचारलं.

“बत्तीसच्या असतील वीस-पंचवीस.”

“आणि तीसच्या?”

“एकही नाही. तीस मी अजून हातातसुद्धा घेतलेलं नाही. नुसतं वाचलंय.”

“मग बत्तीसच ठेवा. आणि तुम्ही अकरा महिने इथे राहता, खिशात नेलकटरसुद्धा नसतो. तरी झोप लागतेच ना?”

“म्हणूनच तर, मॅडम. इथे निर्धास्त राहायची सवय लागलीय. तिकडे उतरलो की उघडं-उघडं वाटतं.”

हे उत्तर प्रामाणिक होतं. मी विषय तिथेच सोडला.

पुढे काही महिन्यांनी दोघं सुट्टीवर पुण्याला गेली. परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बायको माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला.

“ताई, ह्यांना एअरपोर्टवर थांबवलं होतं. बॅगेत काडतूस सापडलं.”

आल्यावर सामान यंत्रातून जातं, तिथे सूटकेस बाजूला काढली होती. तळाशी, कपड्यांच्या घडीत, एक सुटं जिवंत काडतूस; तिच्या वर्णनाप्रमाणे लांब आणि मानेशी निमुळतं. मुंबईतून ते कसं सुटलं, मला माहीत नाही. अधिकारी सभ्यपणे वागले. चहासुद्धा दिला. दुभाषा बोलावून जबाब घेतला. त्याने जबाबात एवढंच सांगितलं की, हे काय आहे, कुठून आलं, मला माहीत नाही. काडतूस जप्त झालं, पासपोर्ट ठेवून घेतला, आणि सोमवारी सरकारी वकिलाच्या कार्यालयात सविस्तर जबाबाला यायला सांगून घरी सोडलं.

“आता काय होईल, ताई?”

“इथला कायदा मला माहीत नाही. इथला वकील करा, आजच.”

“केलाय. तो म्हणतो, जे असेल ते स्पष्ट सांगा, इन्शाल्ला मार्ग निघेल. पण ह्यांना काही माहीतच नाही तर सांगणार काय?”

माझा सल्ला तिथे संपला होता. पण त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये वसईच्या बाई भेटल्या. कामावरून येत होत्या, हातात भाजीची पिशवी.

“मॅडम, वरच्या इंजिनिअरभाऊंना काय त्रास झाला ओ? माझं पार्सल त्यांच्याकडे होतं. भावाने बॉटल मसाला नि सुके बोंबील पाठवलेले. एअरपोर्टवर फोडून बघितलं म्हणे. बिचाऱ्यांनी टेप लावून आणून दिलं. मी म्हटलं, माझ्यामुळे तुम्हाला थांबवलं काय? तर म्हणाले, नाही-नाही.”

इथली ही जुनी पद्धत आहे. कोणी सुट्टीवर निघालं की बिल्डिंगभर खबर जाते, आणि येताना त्याच्या बॅगेत चार घरांचं सामान असतं. नाही म्हणायचं नसतं. उघडून बघणं तर त्याहून वाईट दिसतं.

“आणखी काही म्हणाले?” मी विचारलं.

“नाही. भाऊ काय करतो ते विचारत होते. म्हणाले, बँकेत गार्ड आहे ना, बंदूकवाला? मी म्हटलं, हो. सहज विचारलं असेल.”

पंचवीस वर्षांच्या नोकरीत खबऱ्यांनी मला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. बहुतेकदा महत्त्वाची गोष्ट त्यांनी जाता-जाता सांगितली, आणि तिचं महत्त्व त्यांना स्वतःला कळलेलं नव्हतं. दारात जिवंत काडतुसाचं लचांड उभं असताना कोणी शेजारणीच्या भावाची नोकरी सहज विचारत नाही. हा माणूस सोमवारचा जबाब तयार करत होता. त्या जबाबात बाईंचं पार्सल आलं, की चौकशी बाईंच्या दाराशी येणार. हॉटेलवाले अशा वेळी वाट बघत नाहीत. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की मुलीची शाळा. मग खरं काय ते चार महिन्यांनी ठरलं तरी त्याचा बाईंना उपयोग नव्हता.

बाईंना मी काही बोलले नाही. शनिवारी सकाळी नवरा-बायकोला चहाला बोलावलं.

माझ्या सवयीप्रमाणे गुन्ह्याचा विषय मी आधी काढलाच नाही. संशयित घरून एका प्रश्नाची तयारी करून येतो. तो प्रश्न आला नाही, की तयारी सैल पडते. मी पावसाचं विचारलं, जमिनीचं विचारलं, बांधाचा वाद कुठवर आला ते विचारलं. तो हळूहळू पाठ टेकून बसला.

“आणि ते तीसचं काय केलंत मग?”

“काही नाही. तुमचं ऐकलं. बत्तीसच ठेवलंय.”

“बरं केलंत. नाहीतरी तीसला धक्का फार. मनगट वर फेकलं जातं, दुसरी गोळी लागतच नाही.”

हे मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. हौशी माणूस आरोप सहन करेल, पण त्याच्या आवडत्या विषयातली चूक त्याच्याने सहन होत नाही. हत्यारवाले, गाडीवाले, क्रिकेटवाले, सगळे सारखेच.

“नाही मॅडम, धक्का तेवढा नाहीये,” तो पुढे सरकून म्हणाला. “जड असतं ना, धक्का त्यातच जिरतो. आवाज मात्र भयंकर. कान बधिर होतो. आणि नळीच्या तोंडाशी जाळ केवढा…”

तो थांबला. बायकोने कप खाली ठेवला.

“तुम्ही कधी झाडलं?”

“अगं, म्हणजे वाचलंय मी.”

“कान बधिर झाल्याचं वाचलंत?”

खोलीत खरा प्रश्न विचारणारं दुसरं कोणी असेल, तर तपासी अधिकाऱ्याने तोंड बंद ठेवावं. ते मी उशिरा शिकले.

तो माझ्याकडे वळला. आवाज चढला होता. “मॅडम, आपण मुद्द्याचं बोलू. सापडलं ते तीसचं काडतूस आहे. माझ्या परवान्यावर बत्तीस आहे. ते माझं असूच शकत नाही. सूटकेसमध्ये बाहेरचं पार्सल एकच होतं, आणि त्या घरातला माणूस बंदूक घेऊन नोकरी करतो. मी कोणावर आरोप करत नाहीये. मी फक्त फॅक्ट्स सांगणार.”

“बँकेच्या गार्डकडे कोणती बंदूक असते?”

“कोणती?”

“बारा बोअर. तिचं काडतूस अंगठ्याएवढं जाड असतं. तीसच्या पिस्तुलात ते जाणार नाही, आणि तीसचं त्या बंदुकीतून गळून पडेल. हा फरक तुम्हाला माहीत आहे. तुमच्या शीटमध्ये असेल.”

“इथे कोण एवढं बघणार आहे?”

तो हे बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात मुलाने उत्तर कुठून उतरवलं हे शिक्षिकेला समजतं, तेव्हा ती ज्या नजरेने बघते, त्या नजरेने.

मी पुढचा प्रश्न साधा विचारला. “फायरिंग झाल्यावर खिसे कोणी तपासले?”

“म्हणजे?”

“आमच्याकडे फायरिंग संपलं की रेंज सोडण्याआधी प्रत्येकाला रांगेत उभं राहून खिसे उलटे करून दाखवावे लागतात, आणि मोठ्याने सांगावं लागतं, माझ्याजवळ जिवंत काडतूस किंवा रिकामी पुंगळी नाही. शिपाई असो की साहेब, सगळ्यांना. नवीन मुली लाजायच्या, हसायच्या. मी पुन्हा सांगायला लावायची. कारण काडतूस खिशात राहतं, हे आम्हाला माहीत आहे. तुमच्या त्या फायरिंगला असं काही झालं?”

“नाही,” तो म्हणाला. “मित्राच्या फार्महाऊसवर होतो. त्याच्याकडे परवान्याचं तीस आहे. पाच-सहा गोळ्या मारल्या. एक ठेवून घेतलं. घरी बत्तीसच्या शेजारी ठेवून बघायचं होतं. परत देणार होतो.”

“कशात ठेवलंत?”

उत्तर बायकोने दिलं. “ती खाकी कार्गो पँट. खिसेच खिसे. मी धुवायला मागितली, तर म्हणालात, राहू दे, रुवैसला तीच लागते. तशीच भरलीत बॅगेत.”

“मी विसरलो होतो,” तो म्हणाला. “देवाशपथ विसरलो होतो. बॅगेत खिशातून निसटलं असणार. ट्रेमध्ये ठेवलेलं बघितलं. ओळखलं लगेच. पण तोंडातून निघालं, माहीत नाही. मग तेच पुढे रेटत गेलो.”

मला ते खरं वाटलं. अजूनही वाटतं. विसरणं हा त्याचा गुन्हा मी मोठा धरत नाही.

“मग खरं सांगून टाकायला काय हरकत होती?”

“मॅडम, मी सेफ्टीमध्ये आहे. रोज सकाळी दोनशे लोकांसमोर उभा राहून सांगतो, गेटच्या आत येताना खिसे रिकामे करा, लायटर नको, मोबाईल नको. मी काय सांगू? माझ्याच पँटमध्ये जिवंत काडतूस राहिलं? गेटपास जाईल माझा. लोक हसतील.”

“आणि त्यांचं काय जाईल?” मी वरच्या मजल्याकडे बोट केलं.

“त्यांच्यावर काही सिद्ध होणारच नाही ना. सुटतील त्या.”

“सुटेपर्यंत कुठे राहतील?”

त्याने उलट विचारलं, “मी पार्सलचं नाव घेतलं, तर तुम्ही काय कराल?”

“मी काही करू शकत नाही. इथे मीही तुमच्यासारखीच व्हिसावर आहे. माझ्या शब्दाला कोण विचारतंय?”

“मी करू शकते,” त्याची बायको म्हणाली. ती कप गोळा करत होती. “बॅग दोघांनी मिळून भरली होती, मलाही विचारतील. पँटचं मी सांगणार. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं. नाहीतर मी सांगेन. बघा.” आणि ती कप घेऊन आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

सोमवारी माझा नवरा त्याला गाडीने घेऊन गेला. त्याने सगळं सांगितलं: मित्र, फार्महाऊस, पँट, आणि पहिला जबाब खोटा होता तेही. शेवटच्या वाक्याने वकील नाराज झाला म्हणे. दुभाष्याने ते दोनदा विचारून लिहून घेतलं.

खरं बोलला म्हणून सगळं गोड झालं, असं मी लिहिणार नाही. प्रकरण कित्येक महिने चाललं. पासपोर्ट अडकला, त्यात सख्ख्या बहिणीचं लग्न हुकलं. शेवटी प्रकरण मिटलं, पण कंपनीने गेटपासचं नूतनीकरण केलं नाही. पुण्यात मित्राचा काडतुसांचा हिशेब जुळेना, त्याचा परवाना निलंबित झाला, मैत्री संपली. इंजिनिअरने स्वतःचं बत्तीस पोलीस ठाण्यात जमा केलं, आणि वर्षाच्या आत कुटुंब पुण्याला परतलं. किंमत मोठी पडली. खोट्या जबाबाने कदाचित कमी पडली असती. ‘सुटतील त्या’ हे त्याचं म्हणणं बरोबर निघालं असतं, हीसुद्धा एक शक्यता होतीच. म्हणूनच सांगते, त्या दिवशी त्याने जे केलं ते सोपं नव्हतं.

नोकरीत असताना माझी पक्की समजूत होती की माणूस शिक्षेच्या भीतीने खोटं बोलतो. या प्रकरणाने ती बदलली. हा माणूस तुरुंगाला घाबरला, पण त्याहून जास्त तो गबाळा ठरायला घाबरला. हत्यार बाळगणाऱ्या बऱ्याच जणांना स्वतःचं एक चित्र आवडत असतं: सावध, सज्ज, कोणी गाफील पकडू शकणार नाही असा. काडतुसाचा वेग, भेदकता, वजन, सगळ्याची तुलना ते तासन्‌तास करतात, आणि ती तुलना चुकीची नसते. त्या शीटमध्ये फक्त आपण विसरतो, आपण घाबरतो, घाबरलो की दुसऱ्याला पुढे करतो, याचा रकाना नसतो. अजूनही लोक मला विचारतात, मॅडम, तीस की बत्तीस? मी उलट विचारते, शेवटची चूक कोणती केलीत आणि ती कोणाला सांगितलीत? बहुतेकांना हा प्रश्न विषयाला सोडून वाटतो.

वसईच्या बाईंना मी काही सांगितलं नाही. ते माझं काम नव्हतं. पुण्याला परतण्याआधी तो स्वतः त्यांच्या दाराशी गेला आणि सगळं सांगून आला. खाली येऊन त्याने मला तेवढं कळवलं. मी विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, ओरडल्या नाहीत. दारातच उभ्या होत्या, आत या म्हणाल्या नाहीत. एकच विचारलं, “माझं नाव सांगायचं ठरवलंत, तेव्हा माझी मुलगी आठवलेली का तुम्हाला?”

“मग?”

“हो म्हणालो.”

त्याच्या सगळ्या जबाबांपैकी तेवढा एकच मला ताडून पाहावासा वाटला नाही.